तेल आट्यातून येतं की वायसरखालून?

कुठल्याही मोटारसायकल गॅरेजच्या फळीवर गळती थांबवायची पाच-सहा साधनं हमखास सापडतात. शेलॅकची चिकट डबी, सिलिकॉनची ट्यूब, नळाच्या जोडाला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपचं रीळ, एम-सीलचं पाकीट, आणि निमुळत्या तोंडाची एक छोटी बाटली, जिला कंपनी कुठलीही असो, सगळे सरसकट ‘लॉकटाइट’ म्हणतात. इंजिनाच्या एखाद्या बोल्टभोवती तेल दिसायला लागलं की यांपैकी जे हाताशी असेल ते लागतं. कधी गळती थांबते. पुष्कळदा ती काही दिवसांनी परत येते आणि मग त्याच बोल्टवर आणखी जोर लावला जातो. सीलंट कोणता घ्यावा हा प्रश्न दुसरा. त्या जोडात तेल अडवायचं काम मुळात कुणाकडे सोपवलेलं आहे, हा पहिला. आणि तो विचारलाच जात नाही म्हणून बाकीचा सगळा लेप वाया जातो.

आटे एकमेकांत घट्ट बसलेले दिसतात, पण साधे, सरळ आटे तेल अडवण्यासाठी बनवलेलेच नसतात. बोल्ट हाताने फिरवून आत जायचा तर दोन्ही बाजूंच्या आट्यांत थोडी मोकळीक ठेवावीच लागते. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि प्रत्येक आट्याची एकच बाजू समोरच्या धातूवर दाबून बसते. दुसऱ्या बाजूला फट उरते. ही फट असते काही शतांश मिलीमीटरची, पण बोल्टच्या टोकापासून डोक्यापर्यंत अखंड, बुरुजातल्या चक्री जिन्यासारखी. हिशेब करून बघा. ६ मिलीमीटरचा बोल्ट, आटे १ मिलीमीटर अंतराचे, आणि तो १२ मिलीमीटर आत गेलेला. म्हणजे १२ फेरे, प्रत्येक फेरा सुमारे १७ मिलीमीटरचा. तेलाला जवळजवळ २० सेंटिमीटरची वाट मिळाली. थंड, दाट तेल एवढी वाट सहसा चालत नाही. ९०-१०० अंशांवर पातळ झालेलं आणि मागून दाब असलेलं तेल चालतं.

म्हणून इंजिन बनवणारे तेल अडवायचं काम आट्यांवर टाकतच नाहीत. आटे फक्त दाबून धरायचं काम करतात. अडवायचं काम दुसरं कुणीतरी करतं. ड्रेन नटाखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर असतो. क्लच कव्हरला कागदाचं पॅकिंग असतं. टॅपेटच्या झाकणांना आणि ऑइल फिल्टरच्या झाकणाला रबरी ओ-रिंग असते. या सगळ्या ठिकाणी गळती झाली तर दोष वायसरचा, पॅकिंगचा किंवा रिंगेचा. बोल्टच्या आट्याला काही लावून उपयोग नाही.

ड्रेन नटाचंच घ्या, कारण सर्वांत जास्त अत्याचार त्याच्यावर होतात. त्याच्याखालचा वायसर मऊ धातूचा असतो तो मुद्दाम. आवळताना तो चेपतो, नटाच्या आणि केसिंगच्या पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे भरून काढतो आणि तिथेच तेलाची वाट बंद होते. एकदा चेपलेला वायसर कडक होतो. दुसऱ्या वेळी तो तसा चेपत नाही, मग नटाच्या टोकाला थेंब लोंबायला लागतो. वायसर काही रुपयांचा. तो बदलायचा सोडून पाना आणखी एक झटका फिरवला जातो, पुढच्या ऑइल चेंजला आणखी एक, आणि एक दिवस ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे सरळ नटाबरोबर बाहेर येतात. मग टेफ्लॉन टेप गुंडाळून तो नट कसाबसा बसवलेली गाडी तुम्ही रस्त्यावर पाहिली असेल, किंवा चालवत असाल. आटे गेले असतील तर कुठलंही रसायन ते परत आणत नाही. तिथे भोक मोठं करून, टॅप मारून, तारेच्या स्प्रिंगसारखं दिसणारं हेलिकॉइल बसवणं हाच उपाय, आणि ते काम चांगल्या लेथवाल्याकडे किंवा अनुभवी मेकॅनिककडेच द्यावं. तांब्याचा वायसर मात्र पुन्हा वापरता येतो: गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात बुडवा, वरची काजळी घासून काढा, तो पुन्हा मऊ होतो. ॲल्युमिनियमचा चेपणारा वायसर फेकूनच द्यावा.

मग आट्याला सीलंट लागतो कुठे? जिथे बोल्ट किंवा स्टडचं भोक आरपार जाऊन थेट तेलात उघडतं, किंवा जिथे आटा स्वतःच जोड असतो, तिथे. भोक तळाशी बंद असेल आणि तेलाचा संबंध नसेल तर सीलंटचं तिथे काही काम नाही. बंद भोकात तेल किंवा पातळ सीलंट साठलेलं असताना बोल्ट आवळला तर तो द्रव दाबला जात नाही, त्याचा दाब भिंतींवर येतो, आणि बिडाच्या मानाने नाजूक असलेलं ॲल्युमिनियम तडकल्याची उदाहरणं आहेत. अशा भोकातलं तेल आधी कापडाने किंवा हवेच्या फवाऱ्याने काढायचं.

आरपार भोकं ओळखायला फार बुद्धी लागत नाही, फक्त इंजिन खोलताना लक्ष लागतं. १००-१५० सीसीच्या आपल्याकडच्या कुठल्याही गाडीचं क्लच कव्हर काढा. ६ मिलीमीटरचे आठ-दहा बोल्ट निघतात, सगळे सारखेच दिसतात, पण अनेक इंजिनांत एखाद-दोन बोल्टांखाली तांब्याचा वायसर असतो. तो शोभेसाठी नसतो. तेवढ्याच बोल्टांची भोकं आतल्या तेलापर्यंत पोचलेली असतात. कव्हर परत बसवताना तो वायसर शेजारच्या बोल्टाखाली गेला की योग्य पॅकिंग, नवं पॅकिंग, सगळं असूनही तेल पाझरत राहतं आणि दोष पॅकिंगला मिळतो. बोल्टांची लांबीही वेगवेगळी असते. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो, पाना घट्ट लागतो आणि कव्हर मात्र दाबलं जात नाही. जुने कारागीर पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवतात, ते यासाठी. वायसरसकट खोचावा.

दुसरा प्रकार निमुळत्या आट्यांचा. काही इंजिनांना, विशेषतः जपानी घडणीच्या, ऑइल प्रेशर स्विच असतो. त्याचा आटा सरळ नसतो, तो १६ मिलीमीटर लांबीत १ मिलीमीटर निमुळता होत जातो. नळाच्या जोडणीत वापरतात तसाच. असा आटा जितका आत जाईल तितका घट्ट होत जातो आणि खरोखर स्वतःच जोड बंद करतो, फक्त शिखरांमध्ये उरलेली बारीक फट भरायला सीलंट लागतो. टेफ्लॉन टेपचा जन्म याच कामासाठी. टेप तयार होते त्या पॉलिमरचा शोध ड्यूपाँट कंपनीच्या रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला ६ एप्रिल १९३८ रोजी योगायोगाने लागला, आणि तो इतका निसरडा आहे की आटा त्याच्यावरून आणखी आत सरकतो. घरच्या नळाला हे वरदान. इंजिनात मात्र दोन अडचणी. आटा निसरडा झाल्याने स्विच गरजेपेक्षा आत आवळला जातो आणि ॲल्युमिनियमचं केसिंग चिरतं. दुसरी जास्त गंभीर: आवळताना टेपचे तुकडे सुटून तेलाच्या वाटेत पडतात. रॉकरपर्यंत किंवा क्रँकच्या बेअरिंगपर्यंत तेल नेणारी भोकं काही मिलीमीटरचीच असतात आणि टेप ३२७ अंशांपर्यंत वितळत नाही, तेलात विरघळत नाही. एक चिंधी पुरते. शिवाय एका वायरचा प्रेशर स्विच अर्थिंग घेतो ते आपल्या आट्यांतूनच. टेपचे चार वेढे दिले की कधी कधी ते तुटतं आणि डॅशबोर्डवरचा दिवा, जो तेलाचा दाब पडल्यावर लागायला हवा, लागतच नाही. टेप इंजिनात नको, हा नियम बिनशर्त पाळावा असं मी म्हणेन. स्विचच्या आट्याला पातळ थर सीलंटचा, आणि टोकाकडचे एक-दोन आटे कोरडे ठेवायचे, म्हणजे आत काही पडत नाही.

आता त्या छोट्या बाटलीकडे वळू, कारण तिचं रसायन खरंच गमतीचं आहे. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधकांकडे एक द्रव होता, जो सतत हवा खेळवत ठेवली तरच द्रव राही. हवा थांबली की गोठून प्लॅस्टिक होई. वापरायला अवघड असलेल्या या द्रवाची कथा तिथे काम करणाऱ्या रॉबर्ट क्रीबल यांच्याकडून त्यांच्या वडिलांच्या कानावर गेली. वडील व्हर्नन क्रीबल हे हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी बाटलीत टिकेल आणि बोल्टच्या फटीत गोठेल असं मिश्रण जमवलं आणि १९५३ मध्ये कंपनी काढली. तीच पुढे लॉकटाइट झाली. १९९७ मध्ये ती जर्मनीच्या हेंकेलकडे गेली.

यामागची यंत्रणा अशी. द्रवातले रेणू साखळ्या बांधायला उत्सुक असतात, पण हवेतला ऑक्सिजन त्या साखळ्या सुरू होताच तोडतो. बोल्ट आवळल्यावर फटीतली हवा संपते, आणि लोखंडाचे किंवा तांब्याचे आयन त्या क्रियेला चालना देतात. हवा नाही आणि धातू आहे, या दोन अटी पुऱ्या झाल्या की द्रवाचं कडक प्लॅस्टिक होतं आणि चक्राकार वाट पूर्ण भरून जाते. म्हणूनच बाटली कधी काठोकाठ भरलेली नसते. ‘कंपनी हवा विकते’ ही तक्रार अनेकांची असते, पण ती हवा काढली तर बाटलीतच दगड होईल. म्हणूनच बाटलीचं तोंड बोल्टला टेकवू नये, आणि ताटलीत सांडलेला थेंब परत बाटलीत ओतू नये. लोखंडाचे सूक्ष्म कण आत गेले की उरलेला माल बिघडतो.

इंजिनाच्या दृष्टीने याचा मोठा फायदा वेगळाच आहे. फटीबाहेर पिळून आलेलं जास्तीचं द्रव्य हवेत असतं, त्यामुळे ते गोठत नाही, पुसता येतं; आत गेलेला थेंबही तेलात मिसळून जातो. सिलिकॉनचं याच्या उलट. ते हवेतली ओल शोषून गोठतं, त्यामुळे बाहेर पिळून आलेला भाग आधी रबर होतो. क्लच कव्हरला सढळ हाताने लावलेलं सिलिकॉन जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आतही पिळून आलेलं असतं. ते रबरी शेवयांसारखं सुटून तेलाच्या जाळीवर जाऊन बसतं. जुनी इंजिनं खोलताना जाळीवर अशा निळ्या, काळ्या, करड्या चिंध्यांचा थर सापडणं ही मेकॅनिकना नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पंप तेल ओढू शकला नाही की पुढचा खर्च पॅकिंगचा राहत नाही, हेड आणि क्रँकचा होतो.

सिलिकॉनची जागा आहेच. पॅकिंगशिवाय जुळणाऱ्या केसिंगच्या दोन अर्ध्या भागांत, पॅकिंगच्या सांध्यावर, जिथे कंपनीच्या पुस्तिकेत ते सांगितलं असेल तिथे, बोटाने ओढलेल्या पातळ रेषेइतकं. पण आट्यात नाही. आट्यात ते ना पुरतं वाळतं ना घट्ट धरतं. आणि न्हाणीघराच्या टाइलला लावायचं सिलिकॉन तर इंजिनाजवळ आणूच नये. त्याला व्हिनेगरचा वास येतो. वाळताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, ते तांबं-ॲल्युमिनियम खातं, आणि गरम तेलात ते टिकतही नाही. इंजिनासाठीचं सिलिकॉन वेगळं, आम्ल न सोडणारं असतं; ॲनाबाँडसारख्या चेन्नईच्या कंपनीचं किंवा जपानी थ्रीबाँडचं सहज मिळतं. ओलीवर वाळणारं असल्याने कोकणातल्या पावसाळ्यात ते भराभर धरतं आणि विदर्भाच्या मे महिन्यात रेंगाळतं, हे लक्षात ठेवून वेळ द्यावा.

तर आट्यासाठी हवेविना गोठणारा द्रव, इतकं पक्कं. त्यातही दोन घराणी आहेत. थ्रेडलॉकर हा पातळ असतो आणि त्याचं मुख्य काम बोल्ट कंपनाने सैल होऊ न देणं. फट भरली जाते म्हणून तो तेलही अडवतो. थ्रेड सीलंट दाट असतो, मोठी फट भरतो आणि बोल्टला कमी घट्ट धरतो. मोटारसायकलवर ६ ते १० मिलीमीटरचे सरळ आटे तेलात उघडत असतील तर मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर दोन्ही कामं उरकतो. लॉकटाइटमध्ये त्याचा क्रमांक २४३. तो थोडंफार तेल राहिलेल्या आट्यावरही गोठतो आणि १८० अंशांपर्यंत टिकतो. निमुळत्या स्विचला आणि जाड प्लगला ५७७ सारखा दाट सीलंट योग्य. इतर कंपन्यांचे समकक्ष प्रकारही चालतात. फक्त रंगावर जाऊ नका. निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे कायमचा, असा सगळ्या कंपन्यांना बांधणारा काही नियम नाही. बाटलीवरचा मजकूर वाचावा लागतो.

जास्त ताकदीचा, ज्याला लाल म्हणतात तो, कव्हरच्या बोल्टला लावणाऱ्याला मी माफ करणार नाही. तो सोडवायला बोल्ट सुमारे २५० अंशांपर्यंत तापवावा लागतो. शेजारी रबरी ऑइल सील, रंग आणि पॅकिंग असताना हे जमत नाही. जोर लावला की ६ मिलीमीटरचा बोल्ट मानेत तुटतो किंवा ॲल्युमिनियमचे आटे घेऊनच बाहेर येतो. गळतीपेक्षा तो तुटलेला बोल्ट काढण्याची मजुरी महाग.

लावण्याची रीत कंटाळवाणी आहे पण निकाल तिथेच लागतो. जुना सीलंट आटे साफ करायच्या टॅपने किंवा तारेच्या बारीक ब्रशने काढायचा. डिझेलने किंवा रॉकेलने धुऊन भागत नाही, ते स्वतःच तेलकट थर सोडतात. शेवटचा हात ब्रेक क्लीनरचा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा द्यावा. भोक आरपार असेल तर बोल्टच्या ज्या आट्यांवर नट किंवा केसिंग येणार तिथे द्रव लावायचा. भोक बंद असेल आणि तरी लॉक करायचंच असेल तर थेंब भोकाच्या तळाशी सोडायचा, नाहीतर बोल्ट आत जाताना दबलेली हवा द्रवाला वर ढकलून बाहेर फेकते. मग धीर धरायचा. हाताला घट्ट लागायला पंधरा-वीस मिनिटं पुरत असली तरी पूर्ण ताकद यायला २४ तास हवेत, आणि हा आकडा २२-२५ अंश तापमानाचा आहे. डिसेंबरात महाबळेश्वरला काम केलं तर जास्त. तासाभरात तेल भरून किक मारली आणि संध्याकाळी पाझर दिसला, तर बाटली नकली होती असं म्हणू नये.

हौशी मंडळींसाठी एक इशारा. इंजिन चकचकीत दिसावं म्हणून जुने बोल्ट काढून स्टेनलेसचे ॲलन बोल्ट बसवायची टूम आहे. स्टेनलेस, ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा हे तिन्ही या रसायनाच्या दृष्टीने सुस्त धातू. चालना देणारे आयन ते फारच कमी सोडतात. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये स्टेनलेस बोल्ट म्हणजे दोन्ही बाजू सुस्त. तिथे सीलंट कित्येक तास ओलाच राहतो. यासाठी त्याच कंपनीचा ॲक्टिव्हेटर फवारा मिळतो, तो आधी मारावा. आणखी एक, हे द्रव प्लॅस्टिकला लागू देऊ नका. ऑइल भरायचं प्लॅस्टिकचं झाकण किंवा तेलाची पातळी दाखवणारी काचेसारखी खिडकी यांना त्याने बारीक तडे जातात.

आवळण्याचं गणितही सीलंटने बदलतं. पान्यावर आपण जो जोर लावतो त्यातला ढोबळमानाने निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणून जोड दाबायला उरतात जेमतेम १० टक्के. आटे ओले झाले की घर्षण घटतं, म्हणजे तेवढ्याच जोराने बोल्ट पुष्कळ जास्त ताणला जातो. ॲल्युमिनियममधल्या ६ मिलीमीटरच्या बोल्टला सहसा १० न्यूटन-मीटर सांगितलेले असतात. हा आकडा मनगटाच्या अंदाजाने जवळजवळ सगळेच ओलांडतात. पुस्तिकेत ‘सीलंट लावून इतका’ असं दिलं असेल तर तोच आकडा घ्यावा, नसेल तर थोडा कमी. त्यात इंजिन तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पोलादी बोल्टवरचा ताण गरम इंजिनात आपोआप वाढतो. थंड असताना कमाल मर्यादेला नेलेला बोल्ट गरम झाल्यावर मर्यादेपलीकडे जातो.

हे सगळं समजायला बिडाच्या इंजिनाची जुनी बुलेट हा उत्तम धडा आहे. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली, आणि पुढची अनेक दशकं बुलेटचं इंजिन मूळ इंग्लिश आराखड्यातच निघत राहिलं. ‘रॉयल ऑइलफिल्ड’ हे तिचं चेष्टेचं नाव तिकडचंच. तिच्या डाव्या बाजूचं प्रायमरी चेनचं कव्हर मधल्या एकाच मोठ्या नटावर धरलेलं असतं. कडेला रबरी रिंग, मध्ये नट. कडेने तेल आलं की लोक नट आवळतात. मधोमध ओढलं गेल्यामुळे कव्हर बशीसारखं वाकतं, कडा उचलल्या जातात आणि तेल वाढतं. मग नट आणखी आवळतात! इथे करायचं ते एवढंच: कव्हर सरळ आहे का ते काचेच्या तुकड्यावर ठेवून बघायचं, रिंग नवी टाकायची, नट बेताने आवळायचा, आणि तेल नटाच्या मधूनच, स्टडच्या आट्यांवरून येत असेल तर वायसर बदलून स्टडला मध्यम थ्रेडलॉकर लावायचा. त्याच इंजिनात रॉकरला तेल नेणारी बाहेरची नळी बॅन्जो बोल्टने जोडलेली असते. त्या बोल्टच्या पोटात तेलासाठी भोक असतं आणि सील करतात ते दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर. तिथे आट्याला सीलंट लावणं म्हणजे रॉकरची उपासमार ओढवून घेणं.

पण बुलेटची पुष्कळशी गळती आट्याचीही नसते, वायसरचीही नसते. ती हवेची असते. ३५० चा बोअर ७० मिलीमीटर, स्ट्रोक ९० मिलीमीटर. पिस्टन खाली आला की प्रत्येक वेळी ३४६ घनसेंटिमीटर हवा क्रँककेसमध्ये दाबली जाते. ३,००० फेऱ्यांना हे सेकंदाला ५० वेळा घडतं. ही हवा ब्रीदरच्या नळीतून बाहेर गेली पाहिजे. जुन्या बुलेटला नळीच्या टोकाशी बदकाच्या चोचीच्या आकाराचा रबरी व्हॉल्व्ह असतो. हवा बाहेर सोडायची, आत येऊ द्यायची नाही, हे त्याचं काम. तो कडक होऊन चिकटला, नळी चेपली किंवा मळीने बुजली, की दाब मिळेल तिथून वाट काढतो आणि जाताना तेल घेऊन जातो. एका ठिकाणी सील केलं की दुसरीकडून येतं. एकाच वेळी तीन-चार जागांहून पाझर असेल, तर बाटली उघडण्याआधी ब्रीदर बघा. तेल गरजेपेक्षा जास्त भरलं असेल किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून जळलेला वायू खाली येत असेल, तरी हाच प्रकार होतो. रिंगा गेल्या असतील तर धुरावरून आणि दमावरून कळतंच.

गळती नेमकी कुठली, हे शोधणं सोपं आहे, पण त्यासाठी घाई करून चालत नाही. चालत्या गाडीला वारा समोरून लागतो, त्यामुळे तेल मागे आणि खाली पसरतं. ओला डाग दिसतो त्याच्या वर आणि पुढे मूळ असतं. इंजिन धुऊन कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरा, पाच-दहा मिनिटं इंजिन जागेवर चालवा, मग थोडी फेरी मारा. पावडरीवर पहिली काळी रेघ जिथे उमटेल ती जागा. रेघ बोल्टच्या डोक्याभोवती गोल उमटली तर वायसर किंवा आटा. कव्हरच्या कडेने आडवी उमटली तर पॅकिंग. क्रँकच्या टोकाशी किंवा पुढच्या स्प्रॉकेटमागे उमटली तर ऑइल सील, आणि तिथे कुठल्याही बाटलीचं काही चालत नाही.

एम-सीलबद्दल न बोलणं अन्यायाचं होईल. लडाखच्या वाटेवर दगड लागून केसिंगला तडा गेलेल्या कित्येक गाड्या त्याने पुढच्या गावापर्यंत पोचवल्या आहेत. तेवढंच त्याचं काम. बोल्टच्या डोक्यावर त्याचा गोळा थापला तर गळती आतून चालूच राहते, आणि पुढच्या वेळी पाना लावायला जागा उरत नाही.

खरेदी करायचीच असेल तर आधी आपल्या गाडीच्या मापाचे तांब्याचे आणि ॲल्युमिनियमचे वायसर मूठभर घ्या, मग मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरची सर्वांत छोटी बाटली, मुदतीची तारीख बघून. मोठी बाटली संपेपर्यंत जुनी होते. आणि सीलंट लावून आवळलेला बोल्ट दुसऱ्या दिवशी ‘जरा अजून आवळू’ म्हणून हलवू नका. गोठलेला थर एकदा तुटला की तो परत जुळत नाही. हलवलाच असेल तर बोल्ट पूर्ण काढा, आटे साफ करा आणि पहिल्यापासून लावा.